जराशी सूज

"आजोबा, टेंगूळ पडल्यावर येतं. तुम्ही पडलात का कुठे?"

"नाही बाई."

"कुणी मारलं?"

"छे. घरात माझ्याशी कुणी बोलतच नाही, तर मारतंय कोण."

"मग ते टेंगूळ नव्हे. कधीपासून आहे?"

"नातू झाला तेव्हा बोराएवढं होतं. आता तो कॉलेजात जातो."

"दुखतं?"

"दुखत नाही. टोपी तेवढी नीट बसत नाही."

"आवाळू दिसतंय. सर्जनच्या खोलीत जा, डाव्या हाताला शेवटची. घाबरू नका, बघितल्या बघितल्या सुरी घेत नाहीत ते. चला, पुढचे."

सरकारी दवाखान्याच्या दारातल्या पहिल्या खिडकीत ती बसायची. तिच्या नावाने तिला हाक मारणारं तिथे कुणी उरलं नव्हतं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यांपर्यंत सगळ्यांची ती खिडकीबाई. आलेल्या माणसाला काय होतंय ते विचारायचं, केसपेपर करायचा आणि योग्य त्या खोलीकडे धाडायचं, एवढंच तिचं काम. पण माणसं सरळ सांगतील तर शपथ. अंगावर काहीही वर आलेलं असो, प्रत्येकाचा शब्द वेगळा. कुणी गळू म्हणे, कुणी बेंड, कुणी केसतूड, कुणी उठाणू. डोळ्यावरची रांजणवाडी लोक बिनधास्त सांगत, गालगुंड झालेलं पोर तर हसत हसत पुढे करत. पण खरंच भीती वाटावी असं काही असलं की माणूस हटकून लहानात लहान शब्द शोधून आणायचा. "पुटकुळी आहे हो एक," म्हणत पदर बाजूला करावा आणि खाली लिंबाएवढा गोळा निघावा, हे तिने कितीदा पाहिलं होतं. म्हणून ती शब्दावर विश्वास ठेवतच नसे. कुठे, कधीपासून, दुखतं का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तिचं पेन हलायचं नाही. रांगेतले लोक करवादायचे. ती त्यांच्यावर दुप्पट करवादायची.

त्या दिवशी खरं तर तिची सुट्टी होती. पलीकडच्या खिडकीतल्या पोरीच्या मुलाला ताप आला म्हणून तिने पाळी बदलून घेतली होती. सकाळची गर्दी जरा ओसरली आणि मान वर न करता तिने विचारलं, "काय होतंय?"

"सूज आहे जराशी. हाताला."

आवाज ओळखीचा वाटला म्हणून तिने वर पाहिलं. समोर मेहुणे उभे होते, तिच्या धाकट्या बहिणीचे यजमान. खिडकीत तिला पाहताच त्यांचा चेहरा पडला. त्यांच्या मागे पदर डाव्या हातावरून ओढून घेतलेली धाकटी उभी होती.

"भाऊजी, आज कसं काय?"

"तुम्ही... तुमची आज सुट्टी असते ना?"

हे ऐकून तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे सुट्टीचा दिवस हेरून आले होते.

"सुट्टी होती. तुमचं नशीब, आज नाहीये. तू सांग गं. काय होतंय?"

"सूज आहे," धाकटी म्हणाली.

"कुठे?"

"हाताला. म्हणजे दंडाला."

"दंडाला की काखेत?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? हात तुझा आहे ना?"

"काखेत पण आहे."

"कधीपासून?"

"थंडीत आली."

आता पाऊस संपत आला होता. खिडकीबाईने पेन खाली ठेवलं. "दुखतं का?"

"नाही गं. अजिबात दुखत नाही," धाकटी म्हणाली. आनंदाची बातमी द्यावी तशी म्हणाली. न दुखणाऱ्या गाठी घेऊन या खिडकीतून आत गेलेल्या कितीतरी बायका तिला आठवत होत्या.

मेहुण्यांनी खिशातून एक चुरगळलेला जुना केसपेपर काढला. थंडीतच ते एकदा येऊन गेले होते, तेव्हाही तिची सुट्टी गाठून. त्या दिवशी खिडकीत असलेल्या माणसाला 'हाताला सूज' असं सांगितलं, त्याने हाडांच्या खोलीत पाठवलं. तिथे घाईघाईत हात बघितला गेला, सुजेच्या गोळ्या मिळाल्या, आणि त्या संपल्या की औषधाच्या दुकानातून तशाच आणून धाकटी महिनोन्‌महिने गिळत राहिली. काखेत कुणी बोट लावून बघितलं नाही, आणि हिने काख दाखवली नाही.

"आजही हाडांच्या खोलीतच द्या," मेहुणे खालच्या आवाजात म्हणाले. "जास्त काही नाहीये."

"जास्त काही आहे की नाही ते तुम्ही कोण ठरवणार? तुमचा तर धंदा काचा बसवायचा." मागे रांग आहे, सगळे ऐकताहेत, याचं तिला भान नव्हतं असं नाही. होतं, आणि म्हणूनच तिने आवाज चढवला. खिडकी बंद करून ती बाहेर आली, धाकटीचा उजवा हात धरला आणि तिला सर्जनबाईंच्या खोलीत घेऊन गेली. मागे उरलेल्या रांगेने तिला शिव्या घातल्या. घालू देत.

सर्जनबाईंनी तपासलं. काखेत तपासलं, मग छातीत. त्यांनी एकच विचारलं, "कधीपासून?" आणि धाकटीने उत्तर दिल्यावर पुन्हा काही विचारलं नाही. सुईने नमुना घेतला आणि निकालाला या म्हणाल्या.

निकाल आला तो खिडकीबाईला वाटलं होतं तोच. कॅन्सर होता, छातीतून काखेत उतरला होता. सर्जनबाई म्हणाल्या, याच आठवड्यात दाखल व्हा, डावी बाजू काढावी लागेल, नंतर औषधं. आणखी थांबलं तर मग माझ्या हातात काही राहणार नाही. धाकटीने सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि विचारलं, "दोन महिन्यांनी केलं तर?"

दोन महिन्यांनी तिच्या मुलीचं लग्न होतं.

जिन्यात आल्यावर खिडकीबाईने मेहुण्यांना धारेवर धरलं. "तुम्हाला लाज कशी वाटत नाही? बायकोचा जीव जायची वेळ आली आणि तुम्ही दारोदार सूज सूज सांगत हिंडताय? तुमच्या आईने शिकवलं असेल. घराण्याचं नाव जाईल ना."

मेहुणे कठड्याला धरून उभे होते. उत्तर धाकटीने दिलं.

"त्यांना कशाला बोलतेस? गाठ हाताला लागली तेव्हाच मला कळलं होतं, सूज म्हणायचं हे मी ठरवलं. त्यांना मी शपथ घातली, सासूबाईंना मी सांगितलं, बोटाच्या जखमेने काखेत अवधाण आलंय म्हणून. कुणाला बोलायचं असेल तर मला बोल."

खिडकीबाई बघतच राहिली. निकाल येईपर्यंतचा आठवडाभर तिने मनातल्या मनात या माणसाला फाडून खाल्लं होतं. त्याच्या आईला खाल्लं होतं. आणि ही बया समोर उभी राहून सांगत होती की सगळं माझंच.

"का?"

"का म्हणून काय विचारतेस? ते लोक काय म्हणतील? आजीला होतं, आईला आहे, म्हणजे उद्या मुलीलाही होणार. कोण करून घेईल तिला? आईने माझ्या लग्नासाठी कळ काढली की नाही? आपल्याला सांगितलं का तिने? जुनी दुधाची गाठ आहे म्हणाली, विरघळेल म्हणाली, आणि मला उजवून दिलं. मी माझ्या मुलीसाठी दोन महिने काढू शकत नाही?"

"आणि पुढे काय झालं आईचं? ते सांग ना."

धाकटीने पदर आणखी हातावर ओढून घेतला.

"तुझ्या लग्नातल्या फोटोत ती आहे. तुझ्या पहिल्या बाळंतपणात होती का? कुणी केलं तुझं बाळंतपण? मी केलं. तिचं सगळं कुणी काढलं? मी काढलं. शेवटी शेवटी तिला कूस बदलता यायची नाही, हात एवढा जड झाला होता. तू सासरी होतीस. तू फक्त कळ काढलेली पाहिलीस, पुढचं मी पाहिलंय."

"ताई, तुझ्या पाया पडते. तोंड उघडू नकोस. तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

"तेच तर बघायला लावणार आहेस तू मला."

जिन्यातून चढणारा एक वॉर्डबॉय स्ट्रेचर तिरकं करून वाट मागत होता. दोघी भिंतीला चिकटल्या. तो वर गेला. धाकटी नवऱ्याबरोबर खाली उतरली. पाठमोरी असतानाही डावा हात तिने अंगाशी धरलेला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खिडकीबाई बहिणीच्या घरी गेली. तोंड उघडायचं नाही असं तिने पक्कं ठरवलं होतं. धाकटीला बाजूला घेऊन, हातापाया पडून, गरज पडली तर दोन थोबाडीत देऊन तिला कबूल करायचं, एवढाच बेत होता. पण घरात शिरली तर बैठकीत कापडांचा ढीग पडलेला. मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, साड्या बघायला आल्या होत्या. भाची एकेक घडी खांद्यावर टाकून दाखवत होती आणि उगाचच हसत होती. काही बोललं तरी हसू यावं असे दिवस होते तिचे. धाकटीच्या सासूबाई खुर्चीत बसून हुकूम सोडत होत्या. मेहुणे दारापाशी उभे, खिडकीबाईला पाहून त्यांनी नजर चुकवली.

धाकटी चहा घेऊन आली. ट्रे उजव्या हातावर तोललेला, डाव्याची बोटं नुसती टेकवलेली. ब्लाऊजची डावी बाही शिवण उसवून सैल केली होती, तरीही दंड तिच्यात मावत नव्हता.

"अगबाई, हाताला काय झालं हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"काही नाही," सासूबाईच बोलल्या. "अवधाण आलंय काखेत. बोटाला सुरी लागली होती ना मध्यंतरी, त्याचं. हाताला लागलं की काखेत येतंच. मी लेप देतेय, बसेल दोन दिवसांत."

"बरीच सूज दिसतेय पण."

"सूज काय, येते नि उतरते," धाकटी म्हणाली आणि हसली. "तुम्ही चहा घ्या. गार होईल."

"आई, सकाळचं मलम लावलंस का गं?" भाचीने विचारलं. "मावशी, तू तरी सांग हिला. रोज विसरते."

मलम. खिडकीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेहुण्यांकडे तिने पाहिलं, ते जमिनीकडे बघत होते. धाकटीकडे पाहिलं. धाकटीने अगदी किंचित मान हलवली, नको.

"मलम लावून काही होणार नाही, पोरी," खिडकीबाई म्हणाली. "ती सूज नाही. तुझ्या आईला कॅन्सर आहे. छातीत आहे, काखेत पसरलाय. डॉक्टरांनी याच आठवड्यात ऑपरेशन सांगितलंय आणि ती तुझ्या लग्नापर्यंत थांबणार म्हणते. थांबली तर लग्नाला असेल. नंतरचं मी सांगू शकत नाही."

भाचीच्या खांद्यावरची साडी हळूहळू घसरून खाली गेली, ती तिने धरली नाही.

मग सासूबाईंना वाचा फुटली. "जिभेला हाड आहे का तुझ्या? शुभकार्याच्या घरात येऊन हे बोलतेस? स्वतःचा संसार नाही, म्हणून दुसऱ्याचा बघवत नाही तुला. कसली मेली बहीण..."

"काकू, तुम्हाला अवधाण सांगितलं, तुम्ही लेप दिलात. तुमच्याशी माझं भांडण नाही. ज्यांना माहीत होतं त्यांच्याशी आहे."

"कुणाला माहीत होतं?" भाचीने विचारलं. तिचा आवाज इतका शांत होता की सासूबाईसुद्धा थांबल्या. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

मेहुण्यांनी हो म्हणून मान हलवली.

"मी इथे बसून फुलांचे रंग ठरवत होते," भाची म्हणाली. "महिनाभर. आणि तुम्हाला दोघांना माहीत होतं."

"तुझ्यासाठीच गं," धाकटी म्हणाली.

"मला विचारलं होतंस का? मला आई नको, लग्न हवंय, असं मी कधी म्हणाले?"

विहीणबाईंनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच होता. बाई वाईट नव्हत्या. उठताना त्यांनी धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला. "आधी तब्येत बघा," म्हणाल्या. "बाकी सगळं पुढे बघू." एवढी वर्षं खिडकीत काढलेल्या बाईला 'पुढे बघू'चा अर्थ कुणी सांगायला नको होता. तो तिथे सगळ्यांनाच कळला. दाराबाहेर त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला.

भाचीने एकेक साडी उचलली. घड्या नीट घातल्या, पिशव्यांत भरल्या, पिशव्या भिंतीशी लावल्या. "उद्या आईला मी नेते," ती म्हणाली. कुणाला म्हणाली ते कळलं नाही.

धाकटी जागची उठली आणि बहिणीसमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. "जा तू," ती म्हणाली. "माझ्या घरातून जा."

खिडकीबाई गेली. रस्ताभर तिला वाईट वाटायची ती वाट बघत होती, पण वाईट काही वाटेना. नुसता संताप होत होता. बहिणीचा, मेहुण्यांचा, अर्ध्यावर चहा टाकून उठलेल्या बाईचा, आणि खूप वर्षांपूर्वी दुधाची गाठ म्हणत हसत हसत मुलीला सासरी धाडणाऱ्या स्वतःच्या आईचासुद्धा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. पण ती रागवली होती, आजही होती, आणि ते कुणाला सांगायची तिला गरज वाटली नाही.

लग्न मोडलं. कुणी मोडलं म्हणून सांगायला आलं नाही. निरोप येईनासे झाले, मग ठरलेला हॉल सोडून दिल्याचं तिसऱ्याकडून कळलं. खापर अर्थातच खिडकीबाईच्या डोक्यावर फुटलं. सासूबाईंनी गल्लीत घरोघर सांगितलं, सख्ख्या मावशीने भाचीचं वाटोळं केलं. भाची कुणाशी काही बोलली नाही. सकाळी ती थर्मास घेऊन वॉर्डात यायची, आईला दूध पाजायची आणि कामाला जायची. एकदा खिडकीसमोरून जाताना थांबली. खिडकीबाईला वाटलं, आता बोलेल. पण डोळे पुसायला तिने नुसता रुमाल शोधला आणि पुढे गेली.

ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली, काखेतलंही काढलं. सर्व निघालं का, या प्रश्नावर सर्जनबाई म्हणाल्या, निघण्यासारखं निघालं. औषधं सुरू होतील, केस जातील, हे त्यांनी धाकटीला आणि खिडकीबाईला एकत्रच सांगितलं.

धाकटी शुद्धीवर आल्यापासून बहिणीशी एक शब्द बोलली नव्हती. खिडकीबाई तरी यायची. दुपारच्या सुट्टीत वर जायचं, पाणी भरून ठेवायचं, चादर सारखी करायची. धाकटी भिंतीकडे तोंड करून पडायची. पण डावा हात वर उचलता येत नव्हता, आणि केसांच्या जटा होऊ लागल्या होत्या. म्हणून एके दुपारी खिडकीबाईने कंगवा काढला, तिला उठवून बसवलं आणि पाठीशी बसून केस विंचरायला घेतले. धाकटीने नको म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. लहानपणीसुद्धा हिचे केस असेच, हातात धरवत नसत एवढे दाट.

तेवढ्यात सासूबाई आल्या. बरोबर गल्लीतल्या दोन बायका होत्या. खिडकीबाईला पाहून त्यांनी नाक मुरडलं, पण बाहेरच्यांसमोर भांडण नको म्हणून स्टुलावर बसल्या.

"कसं वाटतंय आता?" बायकांपैकी एकीने विचारलं.

"बरं आहे की," सासूबाई म्हणाल्या. "सूज होती ती उतरली सगळी. आता काही नाही."

"सूज नव्हती," धाकटी म्हणाली.

औषधाच्या बाटल्यांची ट्रॉली ढकलत नर्स शेजारच्या पलंगाशी आली होती, तीसुद्धा वळून बघायला लागली.

"कॅन्सर आहे मला. माझ्या आईला होता, मला आहे. एक बाजू कापून काढली माझी. सूज कापून काढत नाहीत, सासूबाई. आणि मला पोरगी आहे, तिलाही दरवर्षी तपासायला आणायचं आहे. कुणी विचारलं तर असंच सांगा."

दोघी बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सासूबाईंनी पिशवीतून काहीतरी शोधायला घेतलं आणि बराच वेळ शोधत राहिल्या. मग घरी उशीर होतोय म्हणून तिघीही उठल्या.

खिडकीबाईचे हात थांबले होते. धाकटीचं तोंड दाराकडे होतं, मान ताठ होती. खिडकीबाईने पुन्हा केस हातात घेतले, तीन पेड केले आणि सैलसर, कुठे ओढ बसू नये अशा बेताने वेणी घालायला लागली.

"घट्ट घाल," धाकटी म्हणाली. "सुटते मग."

तिने पेड सोडवले आणि पुन्हा पहिल्यापासून, घट्ट घातली.